हात लावा, पण हळू

लग्नकार्यात जेवणं उरकली, की कुणीतरी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतं आणि म्हणतं, "तुमच्या त्या प्राण्यांच्या पार्कमधलं काहीतरी सांगा ना! मजेशीर!"

दिवसभर लोकांनी प्राण्यांना हात लावायचा आणि आपण शेजारी उभं राहून बघायचं, अशी नोकरी सहा वर्षं केली, तर किस्से शोधायला जावं लागत नाही. सशाचे केस स्वेटरला चिकटतात तसे ते चिकटतात, आणि कितीही झटकले तरी चार उरतातच. अडचण एवढीच, की मजेशीर म्हणून सुरू केलेला किस्सा माझ्याकडून अर्ध्या वाटेत भलतीकडे जातो. मग समोरचा माणूस "आइस्क्रीम आलं वाटतं" म्हणून उठतो.

तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

•

मी आधी कर्वेनगरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. तुकड्या कमी झाल्या, तशी मीही कमी झाले! मग ही नोकरी मिळाली. शहराच्या कडेला, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावात तात्यांनी तीन एकरांत पार्क काढलं होतं. तात्या मूळचे शेतकरी. बाकीच्या जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्या तीन एकरांचं काय करायचं, ते त्यांच्या मुलाने परदेशातले व्हिडिओ दाखवून ठरवलं. ससे, गिनीपिग, शेळ्या, एक गाढव, एक इमू, एक मोठा निळा-पिवळा मकाव पोपट आणि बॉल पायथन म्हणजे परदेशी जातीचा लहानसा अजगर. सगळ्यांना हात लावता येणार! मुलाने गेटवर बोर्ड लावला : 'अ‍ॅनिमल एन्काउंटर. सकाळी १० ते १, दुपारी ३ ते ६.'

पहिल्याच आठवड्यात गावातले एक आबा काठी टेकत आले. बोर्ड दोनदा वाचला.

"तात्या, टाइम ठरवून मारताय व्हय?"

"मारत नाय, आबा. हात लावायचा."

"कुणाला?"

"सश्याला."

आबांनी जरा विचार केला. "आन मग?"

तात्यांनी फडक्याने बोर्ड पुसायला घेतला. ह्याचं उत्तर मला सहा वर्षांत सापडलं नाही.

प्राण्यांची देखभाल घोलपांकडे होती. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. बोलणं मोजकं, शर्टाची इस्त्री कडक. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, तिथं सगळी नोकरी एका नियमावर काढली, हात लावायचा नाही. इथंही एकच नियम. हात लावा!"

सशांच्या कुंपणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'प्राण्यांना वेफर्स घालू नयेत. ते आजारी पडल्यावर आपण येत नाही.'

•

एका रविवारी आई, बाबा आणि पाचेक वर्षांची मुलगी आली. मी मुलीला मांडी घालून बसवलं, एक हात खाली, एक पाठीवर, असं दाखवलं आणि पांढरा ससा तिच्या मांडीवर ठेवला. बाबा व्हिडिओ काढत होते.

"अजून जवळ घे! घट्ट! बघ, हसतोय तो!"

ससा हसत नाही. नाक हलवतो. तेही ह्याने थांबवलं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण शेजारी आणखी चार मुलं होती, चार ससे होते.

मुलगी म्हणाली, "मावशी, ह्याचं टकटक थांबलं."

मी ससा उचलला. मान खाली गेली. मी शाळेत एकवीस वर्षं मुलांना सांगत आले होते, जे दिसतं तेच वहीत लिहायचं. मी म्हणाले, "त्याला झोप आली, बाळा."

आईला कळलं. तिने मुलीचे हात स्वतःच्या ओढणीने पुसायला घेतले आणि ती पुसतच राहिली.

बाबांनी मोबाइलवर वेळ बघितली. "आमचा स्लॉट पंधरा मिनिटांचा आहे ना? अजून नऊ बाकी आहेत. दुसरा देता का?"

मी दिला.

आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. यवतमाळकडचा, तिशीतला मुलगा. त्यांनी ससा टेबलावर ठेवून सगळीकडून बघितला, लागलेलं काहीच नव्हतं. "भीतीनं गेला, मॅडम. ससा सहसा ओरडत नाही नं. ओरडला असता तर लोकांनी सोडलं असतं."

•

शेजारच्या सोसायटीच्या चेअरमन साहेबांनी तात्यांना लेखी पत्र पाठवलं. विषय : गाढवाचे ओरडणे. पत्र इतकं शुद्ध आणि नम्र होतं, की तात्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. 'आपल्या उद्यानातील गाढव दिवसातून चार वेळा ओरडते. सभासदांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये व्यत्यय येतो. तरी आपण योग्य तो बंदोबस्त करावा, ही विनंती.'

तात्या म्हणाले, "ताई, बंदोबस्त म्हंजी काय करू? तोंडाला कुलूप लावू?"

ते गाढव वीटभट्टीवरून आणलं होतं. आलं तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जखम होती. घोलपांनी तीन महिने हळद आणि मलम लावून ती भरून काढली. तिथे केस आले ते पांढरे. मुलं नेमका तिथेच हात फिरवायची. गाढव डोळे मिटून उभं राहायचं.

दुसरं पत्र आलं. तिसरं वकिलाचं आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, एका गाढवापायी पार्क बंद पडेल." तात्यांनी चार दिवस स्वतःच्या हाताने गाढवाला चारा घातला. पाचव्या दिवशी स्वतःच दोरी धरून त्याला घेऊन चालत गेले. कुठे, ते आम्ही विचारलं नाही. घोलप त्या दिवशी जेवले नाहीत.

महिन्याभराने चेअरमन साहेब नातीला घेऊन पार्कात आले. माणूस वाईट नव्हता. तात्यांना बघून थांबले, जरा ओशाळून म्हणाले, "हल्ली आवाज येत नाही गाढवाचा. बरं आहे ना त्याचं?"

"मजेत हाय की!" तात्या म्हणाले. "तुमच्या फेज टूच्या इटा वाहतंय."

•

इमूचा किस्सा मात्र खरोखर मजेशीर आहे. निदान सुरुवातीला तरी!

इमू पाळून श्रीमंत होण्याची लाट मध्यंतरी आली आणि ओसरली. ती ओसरल्यावर कुणीतरी हा पक्षी तात्यांच्या गेटला बांधून निघून गेलं होतं. माणसाएवढा उंच, आणि नजर अशी, की आपणच त्याचं काहीतरी देणं लागतो.

एक जोडपं प्री-वेडिंग शूटला आलं. ती फिक्या गुलाबी गाऊनमध्ये, तो गॅलिसवाल्या पॅंटमध्ये, सोबत फोटोग्राफर आणि ड्रोन. मी म्हणाले, ड्रोन नको. फोटोग्राफर म्हणाला, "मॅम, दोनच मिनिटं!" ड्रोन घोंघावत खाली आला आणि इमू उसळला. सरळ त्या दोघांच्या दिशेने.

नवरदेवाने काय करावं? मुलीला दोन्ही खांद्यांना धरलं आणि स्वतःच्या पुढे उभं केलं!

घोलपांनी फळ्या आडव्या घालून पक्ष्याला वळवलं, पण तोवर नखाने मुलीचा दंड फाटला होता. तीन टाके पडले. सगळं कॅमेऱ्यात आलं होतं, वरून आणि समोरूनही.

दोन महिन्यांनी ती एकटीच आली. हातात पेढ्यांचा डबा.

"लग्न मोडलं," ती म्हणाली. "आमच्या घरी सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितला. एकदा नाही, चारदा. मला इमूला पेढा द्यायचाय."

"त्याला गोड चालत नाही," घोलप म्हणाले आणि त्यांनी डबा घेतला. "आम्हाला चालतं."

ती जाळीपाशी अर्धा तास उभी होती. मग म्हणाली, "ह्याने मला वाचवलं, काका."

"त्यानं कुणाला वाचवलं नाही, ताई. तो घाबरला होता."

"असू दे. दोघंही घाबरलेच होते ना!"

इथे थांबले तर किस्सा मजेशीर राहतो. पण त्याच उन्हाळ्यात इमूने खाणं सोडलं आणि आठ दिवसांत तो गेला. डॉक्टरांनी शेडमधल्या टेबलावर त्याचं पोट उघडलं. मी ट्रे धरला होता, घोलप बॅटरी. बाटल्यांची झाकणं निघाली. अर्धी बांगडी, केसांच्या पिना, कॅमेऱ्याचं टोपण, दोन रुपयांचं नाणं. लोक जाळीतून हात घालायचे आणि चकाकणारं जे दिसेल ते तो गिळायचा. आम्ही पाट्या लावल्या होत्या, सांगत होतो, ओरडत होतो. तरीही.

डॉक्टर एकेक वस्तू ट्रेमध्ये ठेवत होते. एवढ्यात घोलप म्हणाले, "थांबा."

त्यांनी चिमटा मागून घेतला आणि एक तपकिरी बटण उचललं. चार भोकांचं. "हे माझं आहे. त्याला चारा घालताना तुटलं होतं. मी गवतात शोधत होतो."

नळाखाली धुऊन त्यांनी ते खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा शर्टाचं वरून तिसरं बटण जागेवर होतं. त्यानंतर त्यांच्याशी बोलताना मी फक्त चेहऱ्याकडे बघत असे.

•

वाढदिवसाच्या पार्ट्या ही तात्यांच्या मुलाची कल्पना. एका आईंचा फोन आला. "आमची थीम यलो आहे. रिटर्न गिफ्टला काहीतरी हटके हवंय."

"पिवळी पिल्लं देऊ!" मुलगा म्हणाला. कोंबडीची, दोन दिवसांची.

डॉक्टर हादरले. "आईविना, उबेविना ते जगत नाहीत, मॅडम. चार दिवस. फार फार तर पाच."

मीही विरोध केला. मग बसून तीस खोक्यांना भोकं पाडली आणि रिबिनी बांधल्या. विरोध नोंदवून काम उरकणं मला शाळेत असल्यापासून जमतं.

पार्टी रविवारी झाली. मंगळवारपासून फोन सुरू. "काही खात नाहीये." "एका जागी बसून आहे." "ह्याला कुठल्या खोलीत ठेवायचं असतं?" एका आजींनी तर विचारलं, "पावती आहे आमच्याकडे, चालेल का?"

बुधवारी एक गृहस्थ स्वतः आले. गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड, हातात खोकं. रिबीन पुन्हा नीट बांधलेली.

"बदलून मिळेल का?"

मी नाही म्हणाले.

"नाही, म्हणजे... मुलगा साडेतीनला शाळेतून येतो. त्याच्या आत." त्यांनी खोकं माझ्यापुढे ठेवलं.

आमच्याकडे पाच-सहा पिल्लं बल्बखाली ठेवलेली होती. घोलप आत गेले आणि एक घेऊन आले. दोघांनी मिळून ते खोक्यात ठेवलं.

"साहेब, सांगून ठेवतो," घोलप म्हणाले. "शनिवारी पुन्हा यावं लागेल."

ते म्हणाले, "शनिवारी सुट्टी असते मला. सकाळीच येईन."

आले.

•

अजगराला हात लावायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. चावतो का? विषारी आहे का? गळ्यात घालून फोटो काढता येईल का? सहा वर्षांत चौथा प्रश्न एकाच मुलीने विचारला.

अंध मुलांच्या एका शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलांना रांगेत बसवलं. इतकी शांत सहल आमच्याकडे कधी आली नव्हती. ती मुलं सशाला असा हात लावायची, की सशाने पहिल्यांदाच आपण होऊन कुणाच्या तळव्यात नाक घातलेलं मी बघितलं.

जुई नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. मी तिच्या मांडीवर अजगर ठेवला. तिने तळहात त्याच्या अंगावरून सावकाश फिरवला, मग खाली वाकून कानच लावला.

"मावशी, हा आजारी आहे का?"

"नाही गं. का?"

"आत घरघर होतेय. माझ्या आजोबांच्या छातीत व्हायची तशी."

मी हसले. "सापाचं अंग असंच असतं, बाळा." असं मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी माझा कान लावून बघितला नाही. बाहेर फोटोवाल्यांची रांग लागली होती. संध्याकाळपर्यंत तो एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहिला.

दोन दिवसांनी त्याच्या तोंडातून फेस यायला लागला. डॉक्टरांनी तपासलं. फुप्फुसात संसर्ग होता. इंजेक्शनं झाली, दिव्याची ऊब झाली. "आधी समजलं असतं नं, तर बघता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण साप बोलतो कुठं?"

मी दिवा जरा जवळ सरकवला. आठव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने त्या शाळेच्या बाईंचा फोन आला. सहल छान झाली, धन्यवाद वगैरे. मग म्हणाल्या, "जुई रोज विचारते, त्याला औषध दिलं का? एकदा बोलता का तिच्याशी?"

जुई फोनवर आली. "मावशी, औषध दिलंत?"

"दिलं."

"घरघर थांबली?"

"थांबली," मी म्हणाले.

तेवढं खरं होतं.

•

लॉकडाउन लागला तेव्हा मला वाटलं, आता ह्या प्राण्यांचं काय होणार! माणसांची सवय लागलेली जनावरं. घोलप पार्कातच राहिले. तात्या गावातून चारा आणून गेटपाशी टाकायचे. मी घरातून फोन करायची. "कसे आहेत सगळे?" घोलप म्हणायचे, "आहेत."

पास मिळाल्यावर मी आणि डॉक्टर एकदमच पोहोचलो. मनाची तयारी करून गेलो होतो.

ससे दुप्पट झाले होते. शेळ्यांच्या अंगावर तकाकी. मकावने गेली दोन वर्षं स्वतःच्या चोचीने पिसं उपटून छाती उघडी केली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, मी खेळणी टांगली, काही फरक पडला नव्हता. त्या छातीवर पिवळी पिसं आली होती, दाट. तो जाळीच्या वरच्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होता. आम्ही जवळ गेलो तसा मागे सरकला.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. मृत्यूच्या रकान्यात घोलपांनी प्रत्येक आठवड्याला सुबक अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं.

"काका, केलं काय तुम्ही?"

"काही नाही. दाणापाणी ठेवायचं आणि बाहेर यायचं."

"आणखी?"

"दार लावून घ्यायचं."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं.  मग म्हणाले, "हे बाहेर कुठं बोलू नका. आपल्या तिघांच्याही नोकऱ्या जातील."

आम्ही बोललो नाही. परवानगी मिळाली, पार्क पुन्हा सुरू झालं. घरात कोंडलेले लोक झुंडीने आले. गेटवर सॅनिटायझर चोळून सगळ्यांनी हात लावले, अगदी मनसोक्त! एक बाई मला म्हणाल्या, "किती मिस केलं असेल ना ह्यांनी आपल्याला!"

सोमवारी सकाळी घोलपांनी शेडमधून कुदळ बाहेर काढली.

•

पार्क आता नाही. तात्यांनी ते तीन एकरही देऊन टाकले. घोलप लेकीकडे राहतात, डॉक्टर एका मोठ्या दवाखान्यात कुत्री-मांजरं बघतात आणि मी घरी असते. पण एक किस्सा राहिला. हा मी लग्नकार्यात सांगत नाही.

दर बुधवारी अकराला, गर्दी नसायची तेव्हा, शनिवार पेठेतून एक जोडपं रिक्षाने यायचं. काका ऐंशीच्या घरातले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ताठ, कडक, एका शब्दात उत्तर देणारे. काकूंची स्मृती गेली होती. दोन वर्षांपासून त्या काकांनाही ओळखत नव्हत्या. कुणी अंगाला हात लावला की किंचाळायच्या. आंघोळ घालणं म्हणजे रोजची लढाई, सांभाळायला ठेवलेल्या बायका महिन्याभरात सोडून जायच्या. ही माहिती काकांनी मला पहिल्या दिवशी दिली, एखाद्या अर्जाचा मजकूर वाचून दाखवावा तशी. कुणीतरी त्यांना सुचवलं होतं, प्राणी मांडीवर दिला तर त्या शांत होतील.

झाल्या. गिनीपिग मांडीवर ठेवला की काकूंचे हात आपोआप त्याच्या पाठीवरून फिरायला लागायचे. तोंडाने काहीतरी गुणगुणायच्या. पाऊण तास.

काका दोन हात अंतरावर उभे असायचे. हातात काकूंची पर्स.

"काका, तुम्हीही घ्या ना एखादा," मी एकदा म्हणाले.

"नको. मला प्राणी आवडत नाहीत."

पुन्हा विचारायची सोयच नव्हती.

डिसेंबरातला बुधवार होता. ऊन छान पडलं होतं. मी शेजारी कोबीची पानं तोडत होते. काकूंनी एकदम मान वर केली आणि काकांकडे बघितलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, पण हसऱ्या चेहऱ्याने.

"तुम्ही इथलेच का हो?"

काका म्हणाले, "हो."

"छान ठेवलंयत ह्यांना. स्वच्छ." गिनीपिगच्या कानामागे त्यांनी बोट फिरवलं. "आमच्याकडे नाही चालत. आमच्या ह्यांना प्राणी आवडत नाहीत."

काकांनी मान हलवली.

"मांजर होतं माझ्याकडे एकदा. पहिलं बाळ गेलं ना माझं, तेव्हा. कुठूनसं आलं आणि राहिलं. दुपारी माझ्या पोटाशी येऊन झोपायचं." काकू अगदी सहज सांगत होत्या, भाजी निवडताना शेजारणीला सांगावं तशा. "ह्यांनी ते पोत्यात घातलं आणि नदीपलीकडे नेऊन सोडलं. मला म्हणाले, पळून गेलं."

काकांनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.  मी तिथून उठायला हवं होतं. उठले नाही.

"मग तुम्हाला कसं कळलं?" काकांनी विचारलं. आवाज इतका हळू, की मला जेमतेम ऐकू आला.

"बुटांना चिखल होता ना! आणि हातावर ओरखडे, इथून इथपर्यंत." काकूंनी स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट ओढून दाखवलं. "विचारलं, काय लागलं? म्हणाले, खिळा. मीच हळद लावली त्यांच्या हाताला."

"काही बोलला नाहीत?"

"नाही."

"इतक्या वर्षांत?"

"नाही हो." काकूंनी गिनीपिगला पदराखाली घेतलं, त्याला थंडी वाजत असावी तसं. मग आजूबाजूला बघून त्या पुढे वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला माहीत आहे, हे त्यांना सांगू नका हं. त्यांना फार लागेल."

"नाही सांगत," काका म्हणाले.